सव्वा व्होल्टचा हिशेब

मे महिन्यात नागपूरच्या प्रताप नगरात ‘व्होल्टेज’ हा शब्द साधारण दिवेलागणीनंतर ऐकू येतो. घरोघरी कूलर आणि एसी एकदम सुरू झाले, की कुठे पंखा मंदावतो, कुठे ट्यूबलाइट फडफडते आणि कुणीतरी म्हणतं, ‘व्होल्टेज कमी आहे.’ हा २३० व्होल्टचा विषय सगळ्यांच्या परिचयाचा. फ्रिजला स्टॅबिलायझर लावायचा, एसीला वेगळी लाइन घ्यायची, अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला बघायला लावायचं, एवढं शहाणपण प्रत्येक घरात असतं. पण त्याच घरात, आतल्या खोलीतल्या टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक व्होल्टेज असतं. ते जेमतेम सव्वा व्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या पेन्सिल सेलपेक्षाही कमी. त्याची विचारपूस कुणी करत नाही. आणि गेल्या काही वर्षांत जगभरात लोकांचे महागडे प्रोसेसर निकामी झाले, ते याच सव्वा व्होल्टच्या आसपासच्या गडबडीमुळे.

प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला, जयताळा हा नागपूरचा नैर्ऋत्येकडचा पट्टा. एका बाजूला व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था, दुसऱ्या बाजूला गायत्री नगरचं आयटी पार्क. साहजिकच इथे इंजिनिअरिंगची मुलं आहेत, घरून काम करणारे आहेत, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आणि अल्बम डिझाइन करणारे आहेत, रात्री जागून गेम खेळणारेही आहेत. यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेंबल केलेला पीसी असतो. बर्डीवरच्या दुकानात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस निवडायचं आणि दुकानदाराकडूनच जोडून घ्यायचं, ही जुनी रीत. मशीन हातात देताना दुकानदार सांगतो, ‘एक्सएमपी ऑन करून दिलं आहे, रॅम फुल स्पीडला चालेल.’ ग्राहक खूश होऊन घरी येतो. त्या एका ‘ऑन’सोबत मदरबोर्डने आणखी दोन-तीन ठिकाणचं व्होल्टेज आपल्या मनाने वाढवलेलं असू शकतं, हे बहुधा दोघांच्याही गावी नसतं.

वीज कॉम्प्युटरपर्यंत कशी पोचते हे पाहिलं म्हणजे हा विषय उलगडतो. नागपूरच्या उत्तरेला कोराडीचं औष्णिक वीज केंद्र आहे; तिथून वीज निघते ती ४०० किलोव्होल्टवर. उपकेंद्रांत आणि गल्लीतल्या डीपीत उतरत उतरत ती घरात २३० व्होल्टची होऊन येते. कॅबिनेटमधला एसएमपीएस तिचे १२ व्होल्ट करतो. उरलेलं काम मदरबोर्डचं. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती चौकोनी काळसर ठोकळ्यांची रांग दिसते, तिच्यावर कधी ॲल्युमिनियमचं हीटसिंक बसवलेलं असतं. या भागाला व्हीआरएम म्हणतात. बारा व्होल्टचे सव्वा व्होल्ट करून ते प्रोसेसरला अखंड पुरवायचे, तेही प्रोसेसर सेकंदाला हजारो वेळा आपली मागणी बदलत असताना, हे त्याचं काम.

व्होल्ट कमी म्हणजे जोर कमी, असं वाटणं स्वाभाविक आहे. गणित मात्र वेगळं सांगतं. १२५ वॅट खाणारा प्रोसेसर १.२५ व्होल्टवर चालत असेल, तर त्यातून १०० अँपिअर प्रवाह वाहतो. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो. घराचा मेन स्विच बहुतेक ठिकाणी ३२ किंवा ४० अँपिअरचा असतो. म्हणजे सगळ्या घरात मिळून जेवढा प्रवाह कधी वाहत नाही, तेवढा टपाल तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून जातो.

अशा ठिकाणी पॉइंट एक व्होल्टची वाढ क्षुल्लक राहत नाही. २३० चे २४० झाले तर ती चार टक्के वाढ, १.२५ चे १.३५ झाले तर आठ टक्के. शिवाय वेग तोच ठेवला तरी प्रोसेसरचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२ चे १.४ केले, की उष्णता साधारण ३६ टक्क्यांनी वाढते. उलट १.२ चे १.१ केले तर १६ टक्क्यांनी घटते. नागपूरसारख्या शहरात या दुसऱ्या आकड्याला फार मोल आहे. त्याकडे पुढे येऊच.

उष्णता पंख्याने काढता येते. खरी इजा आत होते आणि ती दिसत नाही. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात, की प्रवाह जास्त झाला म्हणजे धावते इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू पुढे ढकलतात. पुरात नदीकाठची माती सरकते तसं. एका जागी तार झिजते, दुसऱ्या जागी गोळा होते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि मोटोरोला कंपनीतल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकातच त्याचं समीकरण मांडलं. प्रवाह आणि तापमान, दोन्ही वाढले की आयुष्य झपाट्याने घटतं, असं ते समीकरण सांगतं. दुसरी इजा ट्रान्झिस्टरमधल्या अतिशय पातळ विद्युतरोधक थराला होते. व्होल्टेज जास्त असलं तर त्यात हळूहळू दोष साचत जातात आणि एक दिवस तो फुटतो. दोन्ही प्रकारांत ‘आज वाढवलं, आज जळालं’ असं सहसा होत नाही. सहा महिने सगळं छान चालतं. मग गेम मध्येच बंद पडू लागतो, झिप फाइल उघडताना त्रुटी येते, निळा पडदा दिसतो. तोपर्यंत बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, आपण काय बदललं होतं, याची आठवणही पुसलेली असते.

सुरुवातीला प्रोसेसर इतके नाजूक नव्हते. ऐंशीच्या दशकातले इंटेलचे प्रोसेसर सरळ पाच व्होल्टवर चालत. १९९३ मध्ये पेंटियम आला. त्या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. पेंटियमच्या पहिल्या ६० आणि ६६ मेगाहर्ट्झच्या आवृत्त्याही पाच व्होल्टच्याच होत्या आणि त्या काळाच्या मानाने फार तापत. लगेच पुढच्या आवृत्त्या ३.३ व्होल्टवर आल्या, पेंटियम एमएमएक्स २.८ वर. त्या दिवसांत योग्य व्होल्टेज निवडणं जोडणाऱ्याच्याच हाती असे. मदरबोर्डवरच्या छोट्या पिनांवर जंपर बसवायचे, तेही पुस्तिकेतला तक्ता पाहून. जंपर चुकीच्या जागी बसला तर नवाकोरा प्रोसेसर हातचा जाई. पुढे प्रोसेसर स्वतःच मदरबोर्डला ‘मला इतके द्या’ असं सांकेतिक भाषेत कळवू लागला आणि जंपर गेले. आजही हीच पद्धत आहे. प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच तिचा स्वतःचा वेग-व्होल्टेजचा तक्ता कोरलेला असतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन चिपांचा तक्ता सारखा असेलच असं नाही. म्हणून मित्राच्या पीसीवर चाललेला आकडा आपल्या पीसीत टाकणं धोक्याचं.

व्होल्टेजशी खेळण्याची हौस लोकांना तेव्हाही होती. २००२ मध्ये आलेल्या ‘नॉर्थवुड’ पेंटियम ४ ला मुळात १.५ व्होल्ट लागत. वेग वाढवण्याच्या नादात लोकांनी ते १.७ च्या वर नेलं आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत त्यांचे प्रोसेसर अचानक मेले. तो दोष हौशी लोकांचा होता, हे मान्य. अलीकडच्या दोन मोठ्या प्रकरणांत मात्र ग्राहकाने काहीच आगळीक केली नव्हती.

पहिलं एएमडीचं. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी हा गेमिंगसाठी गाजलेला प्रोसेसर बाजारात आला आणि त्याच महिन्यात जळालेल्या चिपांची छायाचित्रं फिरू लागली. चिपचा खालचा भाग फुगलेला, मदरबोर्डचं सॉकेट करपलेलं. या प्रोसेसरचं मुख्य व्होल्टेज वाढवायला कंपनीने वावच ठेवला नव्हता. मग झालं काय? रॅमचा वेग वाढवणारी ‘एक्स्पो’ ही सोय सुरू केली, की काही मदरबोर्ड प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, ज्याला एसओसी व्होल्टेज म्हणतात, आपोआप १.३ च्या वर चढवत होते. एएमडीने मदरबोर्ड कंपन्यांना नवं बायोस द्यायला लावलं आणि एसओसी व्होल्टेजला १.३० व्होल्टची कमाल मर्यादा घातली.

दुसरं प्रकरण इंटेलचं, आणि ते अधिक खोल आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली १३ वी पिढी आणि ऑक्टोबर २०२३ मधली १४ वी पिढी, यांतल्या आय९ आणि आय७ प्रोसेसरच्या तक्रारी वाढत गेल्या. नव्या गेमांत ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा. ग्राफिक्स कार्डात तर भरपूर मेमरी शिल्लक! लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, रॅम बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. दोष प्रोसेसरमध्ये असेल असं कुणाला वाटेना, कारण प्रोसेसर बिघडतो हा अनुभवच दुर्मिळ. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे तो स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ या क्रमांकाचा मायक्रोकोड आला, त्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. इंटेलने मोजलेली कारणं चार होती: काही मदरबोर्डांनी वीजपुरवठ्याच्या मर्यादा कंपनीच्या शिफारशीबाहेर ठेवणं, तापमान जास्त असतानाही वरचा वेग चालू राहणं, वारंवार आणि दीर्घकाळ उच्च व्होल्टेजची मागणी, आणि कॉम्प्युटर जवळपास रिकामा असतानाही व्होल्टेज चढलेलं राहणं.

हे चौथं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. कामाचा भार असला की व्होल्टेज जास्त असेल, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं घडतं. सगळे कोअर राबत असतात तेव्हा वेग थोडा खाली येतो आणि व्होल्टेजही उतरतं. नुसता ब्राउझर उघडला, एखादी फाइल उघडली, की एक-दोन कोअर क्षणभर कमाल वेगाला, म्हणजे १४ व्या पिढीच्या आय९ १४९००के मध्ये थेट सहा गिगाहर्ट्झला उडी मारतात आणि त्या उडीसाठी सर्वांत जास्त व्होल्टेज मागतात. म्हणजे जड काम केलं म्हणून चिप झिजली, असं प्रत्येक वेळी नव्हतं. मशीन नुसतं सुरू ठेवलं तरी ती झिजत होती. आणि झालेली झीज नव्या मायक्रोकोडने भरून येत नाही, हेही इंटेलने स्पष्ट केलं आहे.

म्हणून ‘बायोसमध्ये सगळं ऑटोवर आहे, काळजी नको’ हे वाक्य आता पूर्ण खरं मानता येत नाही. ‘ऑटो’ म्हणजे प्रोसेसर कंपनीची शिफारस, असा लोकांचा समज असतो; पण तो मदरबोर्ड कंपनीने घेतलेला निर्णय असतो. या कंपन्यांची आपसात स्पर्धा आहे. चाचणीत आपला बोर्ड दोन टक्के पुढे दिसावा, कुठलीही रॅम पहिल्या झटक्यात चालावी, म्हणून त्या व्होल्टेज सढळ हाताने देतात. इंटेलच्या बोर्डावर आता ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ असा वेगळा पर्याय मिळतो. घरगुती वापरासाठी तोच निवडावा. वेगात पडणारा फरक रोजच्या कामात जाणवत नाही.

रॅमचा हिशेब त्या मानाने सोपा, कारण तिथे पिढीनुसार आकडे ठरलेले आहेत. डीडीआरला २.५ व्होल्ट, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू केल्यावर डीडीआर४ बहुतेक वेळा १.३५ वर चालते. डीडीआर५ च्या ६००० वेगाच्या जोड्याही बऱ्याचशा १.३५ च्या असतात. रॅमच्या पट्टीवरच्या स्टिकरवर हा आकडा छापलेला असतो. बायोसमध्ये तेवढाच दिसला, तर रॅमपुरती चिंता नाही. चिंता असते ती रॅमसोबत वाढणाऱ्या प्रोसेसरमधल्या व्होल्टेजची. रायझन ७००० किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल, तर एसओसी व्होल्टेज १.३० च्या आत आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं. ६००० वेगाच्या रॅमला बहुतेकदा १.२ ते १.२५ पुरतं.

जुना पीसी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना वेगळी द्यायला हवी, कारण सेकंडहँड बाजारात असे पीसी भरपूर आहेत. इंटेलच्या सहाव्या पिढीचे, २०१५ नंतरचे प्रोसेसर डीडीआर४ साठी किंवा १.३५ व्होल्टच्या डीडीआर३एल साठी बनवलेले होते. पण एच११० चिपसेटचे डीडीआर३ चे खाचे असलेले बोर्डही खूप विकले गेले, आणि त्यांत लोक घरी पडलेली १.५ व्होल्टची जुनी रॅम खोचतात. ती चालते, पण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला ते व्होल्टेज जास्त आहे आणि इंटेलने तसा इशारा दिला होता. अशा बोर्डात स्टिकरवर ‘१.३५’ असलेलीच रॅम घालावी.

प्रोसेसरच्या मुख्य व्होल्टेजबाबत, म्हणजे व्हीकोअरबाबत, एकच सांगणं आहे: तिथे हाताने ठरावीक आकडा टाइप करू नये. जुन्या रायझनवर हलक्या कामात क्षणभर १.४५ व्होल्ट दिसले की लोक घाबरतात. ते चिपने स्वतः, तापमान आणि प्रवाह मोजून, एखाद्या कोअरसाठी मागितलेले असतात. तेच १.४५ हाताने कायमचे बसवले, की भार असो वा नसो, सगळे कोअर त्याच व्होल्टेजवर राबतात. पहिल्या रायझनच्या वेळी, २०१७ मध्ये, एएमडीने ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, १.३५ व्होल्टपर्यंत जाण्याचा सल्ला दिला होता आणि १.४५ ला आयुष्य घटेल असं बजावलं होतं.

हे आकडे पाहायचे कुठे? पहिली जागा बायोस. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअरही आहे. पण सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान चक्क ५६ अंश दाखवलं होतं. नंतर सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान खात्यानेच सांगितलं. मदरबोर्डचे सेन्सरही असेच चुकतात. सॉफ्टवेअरने १२ व्होल्टच्या जागी ८ दाखवले आणि मशीन सुरळीत चालू असेल, तर आकडा चुकीचा आहे. खरेच आठ असते तर मशीन बंद पडलं असतं. एखादा आकडा संशयास्पद वाटला तर बायोसमध्ये जाऊन पडताळावा, मगच निष्कर्ष काढावा.

आता नागपूरच्या उन्हाकडे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपुढे जाणं नवलाचं नाही. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली, की प्रोसेसरही जवळपास तितकाच वर सरकतो. जानेवारीत ७० अंशांवर राहणारं मशीन मे महिन्याच्या दुपारी ८५ ला जातं, ते यामुळे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीची मर्यादा १०० अंश, रायझन ७००० ची ९५, आणि ७८००एक्स३डी ची ८९. ती गाठली की प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला वाचवतो. पण उष्णता आणि व्होल्टेज मिळून झीज वाढवतात. म्हणून थंड प्रदेशातल्या कुणीतरी सुचवलेली सेटिंग्ज विदर्भात जशीच्या तशी उचलू नयेत. उलट इथे व्होल्टेज थोडं उतरवणं जास्त शहाणपणाचं. रायझनमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’, इंटेलच्या काही बोर्डांत ‘ऑफसेट’ या पर्यायातून थोडं थोडं कमी करता येतं: एका वेळी ०.०२ ते ०.०३ व्होल्ट, मग दोन दिवस नेहमीचं काम, मग पुढचा टप्पा. फार उतरवलं तर मशीन अडखळतं, रीस्टार्ट होतं. त्याने चिपचं नुकसान होत नाही. मात्र त्या वेळी सेव्ह होत असलेली फाइल बिघडू शकते, म्हणून बॅकअप आधी घ्यावा. आणि कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. धूळ आणि ओल एकत्र आली की आत चिकट थर बसतो.

स्टॅबिलायझरने या सव्वा व्होल्टचं रक्षण होतं का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. चांगला एसएमपीएस घरातल्या नेहमीच्या चढउताराला पुरून उरतो. बायोसमधलं व्होल्टेज गल्लीतल्या व्होल्टेजबरोबर हलत नाही. यूपीएस आणि नीट अर्थिंग यांची गरज वेगळ्या कारणाने आहे: विजेचा अचानक तडाखा आणि मध्येच जाणारी लाइट. त्यातही बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. जूनच्या पहिल्या वादळी पावसात, संध्याकाळी, यूपीएसशिवाय हे काम करू नये. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळ पदावर जातात. त्यांचे आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. आणि काही भलतंच झालं, पडद्यावर काही दिसेना, तर घाबरू नये: मशीनची पिन काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला, की बायोस बहुधा पूर्वपदावर येतं.

ज्यांच्याकडे इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा आय५, आय७ वा आय९ डेस्कटॉप प्रोसेसर आहे, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर दोन कामं करावीत. मदरबोर्ड कंपनीच्या अधिकृत पानावरून सर्वांत नवं बायोस घ्यावं. आणि खरेदीचं बिल शोधून काढावं. बाधित मॉडेलची यादी इंटेलने जाहीर केली आहे. त्या मॉडेलच्या बंद डब्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी कंपनीने तीन वर्षांवरून पाच केली आहे. डब्याविना घेतलेल्या प्रोसेसरसाठी विक्रेत्याकडे विचारावं लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आल्याबरोबर घेतलेल्या १३ व्या पिढीच्या प्रोसेसरची मुदत त्यामुळे ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे.